जुनी पिकअप घ्यायचीय? आधी काट्यावर जा, मग गाडीखाली झोप

प्रश्न: दादा, मी फोंडा तालुक्यात राहतो, कामाला वेर्ण्याला कंपनीत. रोजचं जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतं. घरी छोटं कुळागर आहे, खत, नारळ, सुपारी अशी ने-आण असते. मेव्हण्याची अठरा फुटी फायबरची होडी आहे ट्रेलरवर, ती पावसाआधी नदीवरून घरी आणायची आणि चवथीनंतर परत न्यायची, मधे रिपेअरीला वगैरे, म्हणजे वर्षाला पाच-सहा वेळा ओढायची. आत्ताची हॅचबॅक विकून जुनी डबल कॅब पिकअप घ्यायचा विचार आहे, बजेट सगळं धरून ११ लाख. तीन गाड्या बघितल्यात. २०१८ ची इसुझू व्ही-क्रॉस फोर बाय फोर, किनाऱ्यावर वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडे होती, साडेदहा लाख सांगतोय. २०१४ ची स्कॉर्पिओ गेटअवे फोर बाय फोर, सावंतवाडीची, एमएच-०७, साडेपाच लाख. आणि २०१९ ची बोलेरो कॅम्पर, पिवळी पाटी, पावणेसहा लाख. व्ही-क्रॉस एकदम चकाचक आहे, मन तिच्यावरच आहे. बायको म्हणते एवढी मोठी गाडी रोज कशाला. काय करू?

उत्तर:

बाब, तू वयाने लहान दिसतोस म्हणून सरळ अरेतुरेच करतो, राग मानू नको. मी वीस-बावीस वर्षं पिकअपच चालवलीय, आधी खाणीवर आणि मग स्वतःची, म्हणून तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा त्या चकाचक शब्दावरच थांबलो. गोव्यात किनाऱ्यावर सात-आठ वर्षं राहिलेली गाडी चकाचक असेल तर ती कुणीतरी चकाचक केलीय, आणि का केलीय ते शोधायचं काम तुझं आहे. त्यावर येतोच, पण आधी एक काम कर जे तू अजून केलेलं नाहीस हे पत्रावरून कळतंय. होडीचं वजन तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

अठरा फुटी फायबर होडी म्हणजे नुसतं कवच साडेतीनशे-चारशे किलो धर, त्यावर आऊटबोर्ड इंजिन सत्तर ते शंभर किलो, बॅटरी, पेट्रोलची टाकी, नांगर, दोरखंड, जाळी, आणि खाली लोखंडी ट्रेलर स्वतः अडीचशे-तीनशे. म्हणजे नऊशेच्या आसपास जातं, पण हा झाला अंदाज, आणि अंदाजावर लोक दहा लाखाच्या गाड्या घेतात तेच चुकतं. पावसात अंगणात राहिलेल्या होडीच्या बुडात चारेक इंच पाणी साठलं असेल तर तेच कितीतरी शे किलो झालं, बूच काढून ते सोडल्याशिवाय ओढायला घेतलीस तर सगळं गणित गेलं. म्हणून मेव्हण्याला सांग, एक सकाळ काढा, कुणाची तरी ओळखीची पिकअप घ्या आणि ट्रेलर होडीसकट वजनकाट्यावर न्या. फोंड्यापासून उसगाव-धारबांदोड्याच्या पट्ट्यात काटा शोधायला लांब जावं लागणार नाही. तिथे गाडीपासून सोडवून नुसता ट्रेलर होडीसकट काट्यावर ठेवा, त्याची चिठ्ठी घ्या. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं आणि कुठली गाडी घ्यायची याचं अर्धं उत्तर त्या चिठ्ठीवर असतं.

आता ते वजन आलं की एक आकडा डोक्यात ठेव, ७५०. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर बहुतेक पिकअपसाठी साडेसातशे किलोच्या वर ओढू नये असं धरतात. इंटरनेटवर तुला दिसेल की परदेशातली डी-मॅक्स, म्हणजे व्ही-क्रॉसच, साडेतीन टन ओढते, ते खरं आहे पण तो आकडा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असताना आणि तिकडच्या इंजिन-हुकच्या हिशोबाने आहे, तो इथे आणून चिकटवायचा नाही. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये वेल्ड करून घेतलेल्या ट्रेलरला ब्रेक मी तरी अजून बघितलेला नाही. तुझं वजन नऊशे-हजार निघालं तर पैसे मोठ्या इंजिनावर घालण्याआधी ट्रेलरच्या अॅक्सलला ब्रेक बसवण्यावर घाल, असं मी अगदी कळकळीने सांगतो, कारण ओढायला कुठलीही डिझेल पिकअप ओढते रे, थांबवताना कळतं. बोरीच्या उतारावर मागून टन वजन ढकलतंय आणि पायाखाली पेडल खाली खाली जातंय ही गोष्ट अनुभवायला लागू नये.

ती मी अनुभवलीय म्हणून बोलतोय. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा खाणीवरच्या कितीतरी पिकअप विकायला निघाल्या, पुढच्या वर्षी पावसाआधी मीही एक घेतली. इंजिन सुंदर, टायर नवीन, आणि खालून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, काळं कुळकुळीत कोटिंग मारलेलं. मला वाटलं मालकाने काळजी घेतलीय. सात महिन्यांनी ट्रेलरवर जनरेटर घालून सावर्ड्याकडून येत होतो, उतारावर ब्रेक धरून धरून चाललो होतो, जळका वास यायला लागला आणि तेवढ्यात मागे डाव्या बाजूला काहीतरी धाडकन तुटल्याचा आवाज आला आणि गाडी त्या बाजूला बसली. बाजूला घेऊन खाली वाकून बघितलं तर कमानपाट्याचा मागचा हँगर चासीच्या पत्र्यासकट फाटून खाली आलेला, आणि फाटलेल्या कडेला हात लावला तर लोखंड नव्हतं, पापुद्रे होते, बोटाने चुरा होत होता. वरून काळं कोटिंग तसंच चकचकीत. ती चासी आतून कुजून गेली होती आणि वर रंग मारून मला विकली होती. चढावर नाही, वस्तीत नाही, मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी गाडीचं बॉनेट सगळ्यात शेवटी उघडतो.

म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे, बाकीचं सगळं त्याच्या अवतीभवती. आपल्या गोव्यात जुनी पिकअप घेताना मॉडेल निवडायचं नाही, नग निवडायचा, आणि नग खालून निवडायचा. इंजिन उघडून बांधता येतं, क्लच नवीन बसतो, सीट कव्हर तर काय. कुजलेली चासी सुधारत नाही, आणि ओढायच्या गाडीला सगळा ताण चासीवरच येतो.

बघायला जाताना जुने कपडे घालून जा, एक पोतं, टॉर्च, मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि एक लोहचुंबक बरोबर घे. सकाळी जा, गाडी थंड असताना, आणि मालकाला आधी सांग की धुऊन ठेवू नकोस. पोतं टाकून मागच्या चाकाच्या पुढे उताणा झोप. पाटे जिथे चासीला लटकलेले असतात ते पुढचे-मागचे हँगर आणि शॅकल, स्पेअर व्हील जिथे टांगलेलं असतं तो आडवा मेंबर, आणि केबिन जिथे चासीवर रबराच्या बुशवर बसते त्या जागा, इथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगलं लोखंड ठणठण वाजतं, कुजलेलं थपथप करतं, कान दिलास की दोन मिनिटांत फरक कळायला लागतो. चासीच्या पट्ट्याला खालून पाणी निघून जायला भोकं असतात, त्यात बोट घाल, ओली लाल माती किंवा गंजाचे पापुद्रे हातात आले तर आतून काय चाललंय ते समजलं. ताजं काळं कोटिंग दिसलं तर विचार, कधी मारलं, कुठे मारलं, आधीचे फोटो आहेत का. उत्तर गोल-गोल आलं तर तिथून नमस्कार करून निघ.

मग हौदा. प्लॅस्टिकचा लायनर असेल तर तो काढून दाखवायला सांग, काढत नाही म्हटला तर गाडी सोड, कारण लायनरखाली पाणी आणि वाळू अडकून हौदा खालच्या खाली सडतो आणि वरून काही दिसत नाही. आणि आपल्याकडची खास गोष्ट, ही गाडी मासळीला होती का ते शोध. बर्फाचं आणि मासळीचं खारट पाणी हौद्याच्या सांध्यातून सरळ चासीवर गळतं, रोज गळतं, दोन वर्षांत जे होतं ते समुद्राच्या हवेने दहा वर्षांत होत नाही. मालक सांगणार नाही, पण हौद्यात दोन बादल्या पाणी ओत, फाळका बंद ठेव, दहा मिनिटं उन्हात राहू दे आणि मग फाळका उघडून नाक जवळ ने. वास लपत नाही. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या पण बघ, तिथे नवीन नटबोल्ट आणि बाकी सगळं जुनं असेल तर का बदलले ते विचार. लोहचुंबक दाराच्या खालच्या कडांवर आणि चाकांच्या कमानीवर फिरव, जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय.

आता तुझ्या व्ही-क्रॉसवर येतो. मॉडेल म्हणून तिच्याबद्दल मला आदर आहे, तुझ्या तिघींत सगळ्यात चांगली तीच. अडीच लिटरचं इंजिन, १३४ बीएचपी आणि ३२० एनएम, नऊशे किलो मागे लावलेलं तिला कळणारही नाही, केबिन कारसारखी, मुलं मागे आरामात बसतात. पण हा नग वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडचा. म्हणजे ती सात वर्षं काय करत होती ते डोळ्यासमोर आण. ओल्या वाळूत आणि शेवाळलेल्या रॅम्पवर उलटी जाऊन जेट स्की आणि बोटी पाण्यात सोडत होती, दिवसातून कितीतरी वेळा, मागची चाकं अर्धी खाऱ्या पाण्यात. गरम झालेलं डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं, हाउसिंग अचानक गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर किंवा सील जुनं असेल तर तिथून पाणी आत ओढून घेतं. ते वरून कधीच दिसत नाही. म्हणून मेकॅनिकला सांगून मागच्या डिफरन्शियलचा फिलर नट उघडायला लाव आणि बोट घालून तेल बघ. काळसर, चिकट, पारदर्शक तेल ठीक. चहात दूध घातल्यासारखं फिकट, फेसाळ दिसलं तर पाणी गेलंय, बेअरिंग आणि क्राउन-पिनियनचं आयुष्य संपत आलंय. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, तिचं पण असंच बघ. हा नट उघडून दाखवायला मालक तयार नसेल तर साडेदहा काय, आठ लाखातही ती गाडी घेऊ नकोस.

आणि रॅम्पवर उलटं-सुलटं करणाऱ्या गाडीचा क्लच. सपाट मोकळ्या जागेवर हँडब्रेक नीट ओढ, पुढे कुणी उभं नाही बघ, चौथा गिअर टाक, थोडा अॅक्सिलरेटर दे आणि क्लच सोड. इंजिन लगेच झटका देऊन बंद पडायला पाहिजे. घुंघुं करत फिरतच राहिलं तर प्लेट गेली. एकदाच कर हे, परत परत नको, मालकाची वस्तू आहे शेवटी. फोर बाय फोर टेस्ट मात्र कच्च्या रस्त्यावरच कर, मातीवर. ह्या गाड्यांची फोर व्हील कोरड्या डांबरावर लावून वळवली की सगळं ट्रान्समिशन आवळतं आणि मोडू शकतं. फोर हाय, फोर लो दोन्ही लागतात का, लाइट लुकलुकत राहते का, लो मध्ये खाडखाड आवाज येतो का. मालक म्हणाला की आम्ही फोर बाय फोर कधी वापरलीच नाही, तर ती चांगली बातमी नाही, वर्षानुवर्षं न फिरलेलं लिंकेज जाम होतं.

गेटअवे जुनी आहे, २०१४ म्हणजे वयाने थकत चाललेली, पण सावंतवाडी समुद्रापासून आत आहे हे मला आवडलं. १२० बीएचपीचं एमहॉक इंजिन, तेच स्कॉर्पिओचं, म्हणजे फोंड्यातल्या कुठल्याही मेकॅनिकला डोळे मिटून कळतं आणि स्पेअर शोधायला मुंबईला फोन करावा लागत नाही, हा रोज कामाला जाणाऱ्या माणसासाठी फार मोठा मुद्दा आहे. सोमवारी गाडी उभी राहिली आणि पार्ट पुढच्या शनिवारी येणार, हे शिफ्टवाल्याला परवडत नाही. बॉडीचे काही पार्ट, मागचे लाइट, फाळका हे मात्र गेटअवेचेच असतात आणि ते आता सहज मिळत नाहीत, म्हणून तिथे तुटफूट नको. टर्बोचा शिटीसारखा आवाज, इंजेक्टरची टकटक आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला धूर कसा येतो ते बघ, पांढरा धूर राहिला किंवा निळा आला तर मेकॅनिकला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नको.

एमएच-०७ असल्यामुळे एक अख्खी वारी आहे. कर्ज असेल तर आधी बँकेचं फॉर्म ३५ होऊन हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, निघायला हवं, मग तिकडून फॉर्म २८ ची एनओसी, मग २९ आणि ३०, आणि इथे आल्यावर गोव्याचा रोड टॅक्स परत भरून गोव्याचा नंबर. तिकडे भरलेल्या टॅक्सचा रिफंड मागता येतो पण त्यासाठी फेऱ्या घालाव्या लागतात. लोक म्हणतात चालव रे तशीच, एमएच पाटीवर कोण विचारतो. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर नंबर बदलावा लागतो असा कायदाच आहे, आणि तुझा तर रोजचा रस्ता. हा टॅक्स-नंबरचा खर्च आधी फोंडा आरटीओत जाऊन आकड्यात काढून घे आणि साडेपाचात तो मिळवून मगच तुलना कर. आणि २०१४ ची प्रायव्हेट म्हणजे पंधरा वर्षं २०२९ ला होतील, तेव्हा फिटनेस करून पाच वर्षांनी वाढवता येते, पण त्यावेळी चासी परत तपासली जाणार हे लक्षात ठेव.

कॅम्परबद्दल फार लिहीत नाही. मजबूत गाडी, कुळागरासाठी उत्तम, खाणीवर आम्ही तिच्यावरच दिवस काढले. पण तुझा दिवस वेर्ण्याच्या रस्त्यावर जातो, आणि तिची ताकद व्ही-क्रॉसच्या जवळपास अर्धी, केबिनमध्ये आवाज, मागे रिकामी असली की उडत चालते. पिवळी पाटी म्हणजे आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस, इन्शुरन्स कमर्शियल. लायसन्सची भीती मात्र काढून टाक, कुणीतरी तुला नक्की सांगितलं असणार की एलएमव्हीवर, म्हणजे साध्या कारच्या लायसन्सवर, पिवळ्या पाटीची गाडी चालत नाही. साडेसात टनांच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय. तरी रोज साठ किलोमीटरसाठी मी तुला कॅम्पर देणार नाही.

बायको म्हणते ते मात्र नीट ऐक, ती चुकीचं बोलत नाहीय. हिशोब मांड. महिन्याला पंचवीस दिवस, दिवसाला ६०, झाले १५०० किलोमीटर. पिकअप माझ्या अनुभवाने अकराच्या आसपास देते, म्हणजे १३६ लिटर, लिटर नव्वद रुपये धरला तर बारा हजाराच्या वर. तुझी हॅचबॅक अठरा देत असेल तर त्याच अंतराला साडेसात हजार, पेट्रोल आहे म्हणून थोडे जास्त धर. म्हणजे महिन्याला साडेचार हजाराच्या आसपास जास्त, वर्षाचे पन्नास हजाराच्या पुढे, टायर आणि सर्व्हिसिंग वेगळं. तेवढ्यात होडी ओढायला वर्षाला सहा वेळा भाड्याची पिकअप आणूनही पैसे उरतील. नुसत्या होडीसाठी तू पिकअप घेत असशील तर मी तुला नको म्हणेन, स्पष्ट सांगतो. पण तुझं कुळागर आहे, खत, नारळ, सुपारीची पोती, पंप रिपेअरीला नेणं, आणि घरात पिकअप आली की चवथीला माटोळीचं सामान आणण्यापासून नरकासुर उभा करणाऱ्या पोरांपर्यंत अख्खा वाडा तुझ्या दारात येणार. ह्या सगळ्याचं भाडं आत्ता तू वर्षाला किती देतोस ते दोघं बसून कागदावर लिहा. चाळीस-पन्नास हजार निघत असतील तर पिकअप घे, पंधरा निघाले तर हॅचबॅक ठेव आणि शांत झोप.

दोघांनी मिळून एक टेस्ट पण घ्या. व्ही-क्रॉस साडेसतरा फुटी आहे, तुझ्या हॅचबॅकपेक्षा जवळपास पावणेपाच फूट लांब. वाड्यात शिरताना ती घुमटीजवळची वळणं असतात ना, दोन्ही बाजूला चिऱ्याच्या भिंती, तिथे एकदा घेऊन जा. पोर्चमध्ये टेपने मापून बघ. पणजीला १८ जून रस्त्यावर पार्किंग शोधायचं ते तर विसरच. बायको पण चालवणार असेल तर तिलाही टेस्ट ड्राइव्हला घे, अर्धा तास तिच्या हातात दे, त्यानंतर तिचं मत काय होतं ते माझ्यापेक्षा महत्त्वाचं.

रोजच्या चालवण्याबद्दल एक गोष्ट जी कारवरून पिकअपवर आलेल्यांना कुणी सांगत नाही. रिकामी पिकअप मागून हलकी असते, वजन सगळं पुढे इंजिनावर. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर तेल-माती मिसळून साबण होतो, तेव्हा वळणावर ब्रेक मारलास तर मागची बाजू पुढे यायला बघते. पावसाळ्याचे चार महिने मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर रेतीच्या दोन गोण्या, तीसेक किलोच्या, नीट बांधून ठेव, आणि टायरची हवा दारावरच्या स्टिकरवर रिकाम्या गाडीची जी लिहिलीय तीच ठेव. भरलेल्या गाडीची हवा भरून रिकामी चालवतात आणि मग म्हणतात पिकअप आपटते. तुझ्या तिन्ही गाड्या बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, आधीच्या, त्यामुळे बीएस-६ डिझेलच्या काजळी-फिल्टरची कटकट तुझ्या वाट्याला साधारण येणार नाही, हा जुन्या गाडीचा एक फायदाच.

ओढायच्या हुकबद्दल. आधीच हुक लावलेली असेल तर खूश होऊ नकोस, ती कशाला धरलीय ते बघ. बंपरला वेल्ड केलेली हुक कापून टाक. चासीच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्टने धरलेला ब्रॅकेट पाहिजे, सेफ्टी चेन अडकवायला दोन डोळे पाहिजेत, आणि लाइटची वायर मागच्या लाइटला सोलून जोडलेली नको, वेगळा फ्यूज असलेली हवी. होडी ट्रेलरवर थोडी पुढे सरकवून बसव, म्हणजे एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं वजन हुकवर येतं, नऊशेला नव्वद. घरच्या वजनकाट्यावर ट्रेलरचं तोंड ठेवून सुद्धा हे मापता येतं. इंजिन मागे लटकतंय म्हणून मागे वजन गेलं की साठच्या स्पीडला ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि मग गाडीला घेऊन जातो. तसं झालंच तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा. उताराला वरूनच दुसरा किंवा तिसरा गिअर घालून उतर, ब्रेकवर बसून नको. आणि रॅम्पवर पोचल्या-पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नको, पंधरा-वीस मिनिटं उभा ठेव, चाकाच्या हबला हात लावून गार झालाय बघ, मग घाल. डिफरन्शियलचं जे सांगितलं तेच ट्रेलरच्या बेअरिंगला पण लागू. घरी आल्यावर गोड्या पाण्याने ट्रेलर आणि गाडीचं पोट दोन्ही धू, नुसतं वरून नाही.

ट्रेलरला आरसी आहे का हे पण मेव्हण्याला विचार. कायद्याने ट्रेलर हे मोटर वाहनच, त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स लागतो. वाड्यातून नदीपर्यंत कोण अडवतो म्हणून आपण चालवतो, पण रस्त्यात कुणाला लागलं तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न तोच विचारणार. आणि गाडीला पुढे लोखंडी बुलगार्ड लावलेला असेल तर तो काढूनच घे, २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने सगळ्या राज्यांना कळवून ते बेकायदा ठरवलेत.

आता माझं मत. ती व्ही-क्रॉस मी पहिल्या भेटीत घेणार नाही. खाली झोपून, डिफचं तेल बघून, हौद्याचा वास घेऊन सगळं पास झाली तर साडेनऊच्या वर देऊ नको, आणि दीड लाख बाजूला ठेव टायर, क्लच, ब्रेक, सगळी तेलं यासाठी. पास नाही झाली तर बेळगाव-कोल्हापूरकडच्या व्ही-क्रॉस बघ, घाटावरच्या गाड्यांच्या चासी आपल्यापेक्षा चांगल्या असतात, फक्त टॅक्सचा हिशोब धर. दिल्लीची स्वस्त दिसली तर समजून घे का स्वस्त आहे, तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले होते, त्या धास्तीने लोक बाहेर विकतात. गाडी वाईटच असते असं नाही, पण एवढ्या लांबची गाडी फोटोवर घेऊ नको.

गेटअवे मात्र ह्या रविवारीच बघून ये. तिची चासी ठणठण वाजली आणि डिफचं तेल स्वच्छ निघालं तर टॅक्स, नंबर, टायर, नवीन क्लच, चांगली हुक आणि ट्रेलरला ब्रेक, एवढं सगळं करून सुद्धा तुझ्या अकरातले दोन-अडीच लाख शिल्लक राहतील, आणि फोंड्यात ती रिपेअर होते. टोकन द्यायच्या आधी एमपरिवहन अॅपवर नंबर घालून कर्ज, फिटनेस, चलन सगळं बघ, चासी नंबर स्वतःच्या डोळ्याने आरसीशी जुळव, आणि नाव ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको. गाडी ताब्यात आली की चौदा दिवसांत इन्शुरन्स नावावर करायला अर्ज टाक, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही हे पण हिशोबात धर.

पण हे सगळं काट्यानंतर. होडीचं वजन बाराशेच्या वर निघालं तर मी वर लिहिलेलं गेटअवेचं मत बदलेन, म्हणून आधी चिठ्ठी घे आणि आकडा मला लिहून पाठव, बरोबर ट्रेलरच्या अॅक्सलचा आणि हुकचा जवळून काढलेला फोटो पण.